माहीमचे पाणी आणि आपले ईमान

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय मी निवडलेला नाही. तो नववीच्या एका मुलाने निवडला आहे. वर्गात अफवांविषयी बोलत असता मी माहीमच्या गोड पाण्याचे उदाहरण दिले, तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, समुद्राचे पाणी गोड झाले यावर लगेच विश्वास ठेवू नका असे तुम्ही सांगता. मग मेल्यानंतर आपल्याला पुन्हा उठविले जाणार यावर का ठेवायचा? दोन्ही गोष्टी आपण कुठे पाहिल्या आहेत?" वर्ग चिडीचूप झाला. दोघातिघांनी तर त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू त्याने शिवीच दिली. तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो. प्रश्न मात्र सुटला नाही. त्या मुलाला जे उत्तर द्यावयास हवे होते, ते आज तुमच्यापुढे मांडतो. तोही मागे कुठेतरी बसलेला आहे. त्याचे नाव मी सांगणार नाही, आणि तुम्हीही शोधू नका.

प्रथम पाण्याची हकीकत. ती मी ऐकलेली नाही, पाहिलेली आहे. 18 ऑगस्ट 2006, शुक्रवारचा दिवस. मी बारावीत होतो. लालबागच्या आमच्या चाळीत संध्याकाळी बातमी आली, की माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाले, मखदूमशहा बाबांची करामत झाली. दादी जानमाजवरून उठली ती थेट चप्पल घालूनच. मी दोन रिकाम्या बाटल्या घेतल्या आणि आम्ही निघालो. बस अलीकडेच अडकली, म्हणून पुढे चालत गेलो. किनाऱ्यावर ही गर्दी! बाटल्या, कॅन, दुधाच्या पिशव्या, जे हाती लागेल त्यात लोक पाणी भरत होते. त्यात आपलेच लोक होते असे नव्हे. कपाळाला कुंकू लावलेल्या बायका होत्या, गळ्यात क्रूस घातलेले लोक होते. माझ्या शेजारच्या माणसाने ओंजळ भरून पाणी प्यायले आणि तो रडू लागला.

मीही प्यायलो. आणि पालकहो, खरे तेच सांगतो, पाणी नेहमीसारखे खारट नव्हते. गोडही नव्हते. मचूळ होते. पण लहानपणी गटांगळी खाल्ल्यावर नाकातोंडात जाणारा खारेपणा त्यात नव्हता, हे नक्की. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी पुन्हा खारट झाल्याचे लोक सांगू लागले. दरम्यान गुजरातेत तीथलच्या किनाऱ्यावरही पाणी गोड झाल्याची बातमी आली, आणि आणखी दोन दिवसांनी देशात ठिकठिकाणी मूर्ती दूध पिऊ लागल्याची बातमी उठली. ती काही नवी नव्हती. 21 सप्टेंबर 1995 रोजी गणपती दूध पितो म्हणून सारी मुंबई रांगेत उभी होती. मी तेव्हा पहिलीत होतो. आमच्या चाळीत त्या दिवशी चहाला दूध मिळाले नाही, एवढेच मला आठवते. द्रवाच्या पृष्ठताणामुळे चमच्यातले दूध दगडाकडे ओढले जाते व मूर्तीवरून पातळ ओघळाने खाली उतरते, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवून दिले. पुढे 2012 साली विलेपार्ल्याजवळ इर्ल्याला क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. सनल एदामारुकू यांनी ते जवळच्या तुंबलेल्या गटाराचे पाणी भिंतीतून झिरपत आहे असे सांगितले. त्यावर त्यांच्याविरुद्ध धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्यांना देश सोडून फिनलंडला जावे लागले. देऊळ, दर्गा, चर्च. या बाबतीत आपल्या शहरात सर्वधर्मसमभाव पूर्ण आहे.

आता माहीमचे पाणी मचूळ का झाले? मी बी.ए. झालेला माणूस, इतिहास आणि मराठी शिकवतो. पण आमच्या विज्ञानाच्या बाईंनी मला एक प्रयोग करून दाखविला. काचेच्या पेल्यात मिठाचे रंगीत पाणी घ्या आणि त्यावर चमच्याच्या आधाराने अगदी हळू साधे पाणी सोडा. साधे पाणी वर तरंगत राहते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणून ते जड. विहार आणि पवई तलावांचे ओसंडलेले पाणी घेऊन येणारी मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते आणि भर पावसाळ्यात ती दुथडी भरलेली असते. त्यात तो आठवडा गोकुळाष्टमीचा, म्हणजे चंद्र अर्ध्यावर आलेला. आपल्या कोकणातले दर्यावर्दी अशा भरतीला भांगाची भरती म्हणतात. तिला जोर नसतो, पाणी फारसे ढवळले जात नाही. पवईच्या आय.आय.टी.तील भूशास्त्रज्ञांनी खडकांच्या भेगांतून समुद्रात येणाऱ्या गोड्या पाण्याकडेही बोट दाखविले होते. वरचा थर गोडा, खालचा खारा. ओंजळ वरच्या थरात बुडते.

म्हणजे लोक खोटे बोलत नव्हते. चव खरी होती. चवीचे जे कारण आम्ही लावले, ते मात्र कोणी तपासून पाहिले नव्हते.

आणि इथवर सारे हसण्यावारी नेता आले असते. पण मिठी नदी पावसाच्या पाण्याबरोबर शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांची घाणही आणते. हे पाणी पिऊ नका असे महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ सांगत होते. आमच्या घरी कोण ऐकणार? माझा सात वर्षांचा आतेभाऊ तेव्हा अशक्त होता, नुकताच काविळीतून उठलेला. दादीने मोठ्या प्रेमाने त्याला एक कप पाजले. दोन दिवसांनी त्याला जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि रुग्णालयात ठेवावे लागले. डॉक्टरांनी विचारले, "बाहेरचे काही खाल्ले-प्यायले का?" माझी आत्या, फुफा, अब्बा, मी, आम्ही सारे तेथे उभे होतो. कोणी बोलले नाही. बाबांच्या पाण्याने मूल आजारी पडले असे तोंडाने कसे म्हणायचे? ती बेअदबी झाली असती. पोराच्या हाताला सलाईन आणि आम्हाला चिंता अदबीची! मी बारावीला विज्ञान शाखेत होतो. मीसुद्धा गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी मला राहवेना, तेव्हा जिन्यात गाठून डॉक्टरांना सांगितले. त्या पाण्यानेच आजार झाला असे मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण पाणी कोणी तपासले नाही. पण तो एक दिवस आम्ही डॉक्टरांना अंधारात ठेवले, हे मात्र मला ठाऊक आहे.

ही अदब आपण कोठून शिकलो? धर्माने ती शिकविली म्हणावे, तर तसे दिसत नाही. हिजरी सन 10 मध्ये हजरत पैगंबरांचे (स.अ.) लहान पुत्र इब्राहीम वारले. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. खगोलशास्त्राच्या गणिताने ते 27 जानेवारी 632 चे धरतात. मदिनेचे लोक म्हणू लागले, पैगंबरांच्या दुःखाने सूर्यही काळवंडला. विचार करा, मुलाला नुकतीच माती दिलेली आहे आणि लोक स्वतःहून करामत आणून पुढ्यात ठेवीत आहेत. गप्प राहिले असते तरी पुरे होते. पण पैगंबरांनी लोकांना सांगितले, की सूर्यचंद्राला कोणाच्या मरणाने वा जगण्याने ग्रहण लागत नाही, त्या अल्लाहच्या निशाण्या आहेत. बुखारींच्या संग्रहात ही हदीस आहे. आणि हे बुखारी तरी कोण? एकेक हदीस कोणी कोणाकडून ऐकली, तो माणूस खरा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, दोघांची भेट होणे शक्य होते का, हे तपासण्यात ज्यांनी आयुष्य घालविले ते. बातमी आली तर आधी शहानिशा करा, हा आदेश सूरह हुजुरातमध्ये आहे.

आणि ज्यांच्या नावावर आम्ही ते पाणी खपविले, ते मखदूम अली माहिमी (1372–1431) कोण होते? त्यांच्या दर्ग्यावर दरवर्षी उरुसात माहीमचे पोलीस संदल घेऊन जातात, हे तुम्हाला माहीत आहे. पण ते कुराणाचे भाष्यकार होते, अरबीत त्यांनी तफसीर लिहिली, हे किती जणांना माहीत आहे? मी वर्गात विचारले, तर एकही हात वर आला नाही. दोन जलाशय, एक गोड आणि एक खारा, आणि त्यांच्या मधली आड, यांचा उल्लेख सूरह फुरकानमध्ये आहे. नदी समुद्राला मिळते तेथील हे दृश्य ग्रंथात वाचणाऱ्या विद्वानाच्या दाराशी आम्ही बाटल्या घेऊन उभे होतो.

आता त्या मुलाचा प्रश्न. मित्रा, पाणी आणि परलोक यांत फरक आहे. पाणी बाटलीत भरता येते, म्हणून ते तपासता येते, आणि जे तपासता येते ते न तपासता मानणे हा आळस आहे. मेल्यानंतरचे जग बाटलीत भरता येत नाही. कुराण त्याला गैब म्हणते, म्हणजे दृष्टीआडचे. त्याचा पुरावा माझ्याकडे आहे असे मी सांगितले, तर मीही त्या पाणी विकणाऱ्यांतलाच एक. मी ते मानतो. ते माझे ईमान आहे, प्रयोगशाळेचा निकाल नव्हे. तू शंका विचारलीस म्हणून काफिर झाला नाहीस. मेलेल्यांना तू कसे उठवितोस ते दाखव, असे हजरत इब्राहीमांनी (अ.स.) स्वतः अल्लाहला विचारले होते, मनाच्या समाधानासाठी. त्यांना कोणी वर्गाबाहेर काढले नाही. इमाम गझालींनी आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे, की जवळजवळ दोन महिने त्यांचा कशावरच विश्वास राहिला नव्हता.

आणि शंका घेऊन कोणी दुसऱ्याच टोकाला पोचला तर? आपल्या कोकणातल्या मिरजोळीचे हमीद दलवाई पोचले. 1970 साली पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले, 1977 साली ते वारले. त्यांची अनेक मते मला पटत नाहीत आणि या सभागृहातही फारशी पटणार नाहीत. पण त्यांना आपण शिव्या पुष्कळ दिल्या, उत्तरे थोडी दिली, हे मान्य करावे लागेल.

पालकहो, मला भीती त्या मुलाची वाटत नाही. लोकलच्या डब्यात ज्यांचे कागद चिकटलेले असतात त्यांची वाटते. चोवीस तासांत लग्न जमवितो, करणी उतरवितो, परीक्षेत पास करतो! हे लोक गैबचे नाव घेतात आणि रोख पैसे मागतात. फिट येणाऱ्या मुलीला आमीलाकडे नेतात, झाडू मारवतात, आणि मेंदूच्या डॉक्टरांकडे वर्षभराने येतात. दाभोलकर यांनी अशाच प्रकारांविरुद्ध अठरा वर्षे कायदा मागितला. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, तेव्हा कुठे आधी वटहुकूम आणि मग त्याच वर्षी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साप-विंचू-कुत्रा चावला असता दवाखान्यात जाऊ न देणे हा त्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. दुआ करण्यास, दर्ग्यावर जाण्यास, नमाज पढण्यास त्यात कोठेही मनाई नाही. तो कायदा मराठीत उपलब्ध आहे, शाळेच्या वाचनालयात त्याची प्रत ठेवली आहे.

आतेभाऊ चार दिवसांनी घरी आला. आज तो परळला नोकरी करतो आणि ही गोष्ट मी सांगू लागलो की चिडतो. मी डॉक्टरांना सांगितल्याचे दादीला कळले, तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "काल का नाही सांगितलंस?" मी म्हटले, "दादी, तूही तिथेच होतीस." ती पुढेही दर जुम्मेरातीला माहीमला जात राहिली, अखेरपर्यंत. दुसरी बाटली तिने कपाटावर ठेवली होती. काही आठवड्यांनी त्यात हिरवट थर धरला, तेव्हा तिने बिस्मिल्ला म्हणून ती मोरीत ओतली, बाटली गरम पाण्याने विसळली आणि त्यात रॉकेल भरून ठेवले.