प्रथिनांची हालचाल



पेडणे-डिचोलीच्या श्रोत्यांपुढे विज्ञानाविषयी बोलताना मांद्र्याच्या मातीत जन्मलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे स्मरण होते. कुष्ठरोगावर औषध शोधण्यासाठी ते झटले. औषधाचा गुण त्यांना रुग्णावरूनच पारखावा लागे. ते शरीरात नेमके काय करते, हा प्रश्न पुढच्या पिढ्यांचा होता.

आज आपण जाणतो की, पुष्कळ औषधे प्रथिनांना चिकटून काम करतात. १९५८ साली केंड्रू यांनी मायोग्लोबिन या स्नायूंतील प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी उलगडली. पण त्या रचनेत प्राणवायूला आत शिरण्याजोगी वाटच दिसेना! उत्तर एकच होते: प्रथिन हलते, आणि वाट क्षणभर उघडते. मग ही हालचाल मोजावी कशी?

काही अणूंची केंद्रके इवल्या चुंबकांसारखी वागतात. प्रबळ चुंबकक्षेत्रात त्यांना रेडिओलहरींनी विचलित केले, की ती हळूहळू पूर्वस्थितीवर येतात. त्याला लागणाऱ्या वेळेवरून अणूंच्या हालचालीचा अंदाज येतो. हेच चुंबकीय अनुस्पंदन. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात डॉ. धर्मट्टी यांनी या शास्त्राचा पाया घातला.

अडचण अशी, की पाण्यातले प्रथिन स्वतःच गिरक्या घेते. एका गिरकीला सेकंदाचे काही अब्जांश भाग पुरतात. त्याहून संथ अशा अंतर्गत हालचाली त्या गिरक्यांत लपतात. तेरेखोलच्या पात्रात गरगरणाऱ्या होडीतला माणूस सावकाश हात हलवीत असेल, तर काठावरून ते कसे कळावे? पण तीच होडी खनिजवाहू बार्जला बांधा. हात स्पष्ट दिसेल.

अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात ब्रुशवायलर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली हीच युक्ती प्रसिद्ध केली. त्यांचा बार्ज म्हणजे सिलिकाचे अतिसूक्ष्म कण. प्रथिन कणाला क्षणमात्र चिकटते व सुटते. चिकटलेले असताना गिरक्या मंदावतात आणि प्रथिनाचे ताठर भाग व लवचिक भाग वेगवेगळे ओळखू येतात. मात्र चिकटण्याने प्रथिनाचा आकारच बदलत नाही ना, ही खात्री आधी करावी लागते. दोर होडीलाच वाकवू लागला, तर निरीक्षण फोल.

विद्यार्थीमित्रांनो, औषध ज्या कुलपात बसवायचे, ते कुलूपच हलते आहे. त्याची लय कळल्याशिवाय किल्ली घडवणे हा अंदाजाचा खेळ ठरतो. भाऊ दाजींच्या भूमीतून ही लय शोधणारे कोणी निघावेत, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.