डाग, खड्डा आणि गाठ : मुरुमांच्या खुणांविषयी चार गोष्टी
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी आरोग्य कार्यक्रमात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. सारी नोकरी बँकेत झाली. मग मुरुमांवर मी का बोलतोय, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. कारण असं की, गेल्या दोन वर्षांत आपल्याच सोसायटीतली तीन-चार मुलं माझ्याकडे कागद घेऊन आली. ‘काका, सही करायच्या आधी एवढं वाचून सांगा.’ कागद कर्जाचे होते. चेहरा नितळ करून देणाऱ्या ‘पॅकेज’चे मासिक हप्ते! एका मुलीला नोकरी लागून सहा महिनेही झाले नव्हते आणि हप्ता पगाराच्या पाव हिश्शाइतका. मी तिला म्हटलं, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवू. त्यांनी पाहून सांगितलं, हे खड्डे नाहीत, नुसते डाग आहेत. लेझरची गरजच नाही. तेव्हापासून या विषयावर जे वाचलं आणि डॉक्टरांना विचारून घेतलं, ते आज सांगतो.

चेहऱ्यावरच्या खुणा आमच्या पिढीला नव्या नाहीत. आमच्या लहानपणी गिरगाव-लालबागच्या प्रत्येक चाळीत देवीचे वण असलेली माणसं दिसत. देवीची लस भारतात पहिल्यांदा टोचली गेली ती आपल्या मुंबईतच, जून १८०२ मध्ये, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. पुढे १९७७ साली देश आणि १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झालं. रोग गेला, पण ज्यांच्या चेहऱ्यावर वण उमटले होते, ते तसेच राहिले. खूण पुसण्यापेक्षा खूण पडू न देणं सोपं, हा धडा मुरुमांनाही लागू आहे.

मुरुम म्हणजे काय? त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथीचं तोंड बुजतं, आत तेल साचतं, जंतू वाढतात आणि सूज येते. ही सूज वरवर राहिली तर फारसं बिघडत नाही. ती खोल गेली, की त्वचेच्या खालच्या थरातला ‘कोलॅजन’ नावाचा आधार तुटतो. त्यातून तीन प्रकारच्या खुणा राहतात.

पहिला डाग. हा काळपट किंवा लालसर असतो. बोट फिरवलं तर जागा सपाट लागते. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत हे फार होतं. हा डाग बहुधा काही महिन्यांत आपोआप फिकट होतो. ऊन लागलं तर गडद होतो, म्हणून सनस्क्रीन लावायचं.

दुसरा खड्डा. इथे खालचा आधारच गेलेला असतो. तिसरी गाठ, म्हणजे वर उचललेला कठीण वण. हा छाती, खांदे आणि जबड्याच्या कडेला जास्त दिसतो.

आपल्या इमारतीच्या भाषेत सांगायचं तर, डाग म्हणजे भिंतीचा रंग बिघडला आणि खड्डा म्हणजे गिलावा पडला. पडलेला गिलावा रंगाने भरत नाही. तसं कुठल्याही क्रीमने खोल खड्डा भरत नाही, मग जाहिरात काहीही म्हणो. आणि गळती चालू असताना आपण गिलावा करत नाही. तसे नवे मुरुम येत असताना खड्ड्यांवर उपचार करण्यात अर्थ नाही. आधी मुरुम थांबवायचे.

ते कसे थांबवायचे? ‘वयात आल्यावर होतातच, जातील’ असं म्हणत वर्षं घालवू नका. दुखऱ्या, खोल गाठी येत असतील तर लगेच डॉक्टरांना दाखवा. औषधाचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत कंटाळून सोडू नका. मुरुम फोडू नका, फोडताना घाण आणखी आत ढकलली जाते. लिंबू, टूथपेस्ट चोळू नका. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायच्याच नाहीत. गरोदरपणात त्यांनी बाळाला गंभीर व्यंग येऊ शकतं.

आणि एक धोक्याची सूचना. मेडिकलवाल्याकडून मागून आणलेलं ‘गोरं करणारं’ मलम लावू नका. अशा मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. आठ दिवस चेहरा उजळ दिसतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, लव वाढते आणि उलट मुरुमच येतात. २०१८ साली सरकारने अशी चौदा स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सर्रास मिळतात.

आता खड्ड्यांचे उपचार. सुईने टोचल्यासारखं अरुंद, खोल छिद्र असेल तर डॉक्टर त्यात टोकदार काडीने आम्ल लावतात. खालून ओढल्यासारखा उथळ, पसरट खड्डा असेल तर सुईने आतले धागे सोडवतात. शिवाय मायक्रोनीडलिंग आणि लेझर आहेत. यांनी नवं कोलॅजन तयार होतं. त्याला महिने लागतात, म्हणून चार-सहा आठवड्यांच्या अंतराने बैठका घेतात. सावळ्या त्वचेवर लेझर जास्त झाला तर नवे काळे डाग पडतात; हात अनुभवी हवा. गाठीत मात्र इंजेक्शन देतात. ती नुसती कापली तर बहुतेकदा पुन्हा, आणि मोठी होऊन येते. खड्डे बरेच कमी होतात, पूर्ण जात नाहीत. शंभर टक्क्यांची हमी देणाऱ्यापासून दूर राहा.

पैशांचं मी अधिकाराने सांगतो. ‘शून्य टक्के व्याज’ असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनेच २०१३ साली बँकांना बजावलं होतं. व्याज किमतीत किंवा प्रोसेसिंग फीमध्ये दडलेलं असतं. सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. माझी खूण डाग, खड्डा की गाठ? उपचार कोण करणार, त्यांची पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय? मधेच थांबलो तर पैसे परत मिळतील का? उत्तर लेखी घ्या. परळचं केईएम आणि मुंबई सेंट्रलचं नायर आपल्यापासून लांब नाहीत. दोन्हीकडे त्वचाविभाग आहे. रांग असते, पण निदान करून घ्यायला कर्ज लागत नाही.

शेवटचं आम्हा वडीलधाऱ्यांसाठी. लग्नात, हळदीकुंकवाला ‘अगं, चेहऱ्याचं काय करून घेतलंस?’ असं चारचौघांत विचारू नका. ती मुलं आरसा आपल्यापेक्षा जास्त वेळा बघतात. हप्त्याच्या कागदावर घाईने सही होते, ती अनेकदा अशा एखाद्या वाक्यानंतर. ओम पुरींच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. ‘अर्धसत्य’ पाहताना ते कुणाला आड आले नाहीत.

मुलांनो, उपचार जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त आधी निदान, मग पैसे. आणि कागद वाचून हवा असेल तर संध्याकाळी मी घरीच असतो.