पुस्तकातील मूल आणि आपले मूल

(हीरक महोत्सवी मेळाव्यात माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या हीरक महोत्सवात ग्रंथांविषयी बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. समाज आणि मानवी वर्तन यांविषयीच्या लोकप्रिय पुस्तकांचे परीक्षण कसे करावे, हा आजचा विषय. तो केवळ समीक्षकांच्या कामाचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु ही पुस्तके आता मराठी अनुवादांतूनही घरोघरी पोहोचली आहेत आणि त्यांतील निष्कर्ष आपण नकळत आपल्याच मुलांना लावू लागलो आहोत. म्हणून परीक्षकाची दृष्टी पालकांनाही हवी.

कादंबरी घडलेलीच असावी, अशी अपेक्षा आपण ठेवत नाही. ही पुस्तके मात्र ‘माणूस असा असतो’ असे ठामपणे सांगतात. तेव्हा भाषा ओघवती आहे, उदाहरणे मनोरंजक आहेत, एवढे लिहून परीक्षकाचे काम संपत नाही. ‘लेखकाला हे कशावरून कळले?’ हा प्रश्न त्याने विचारलाच पाहिजे. दोन प्रसिद्ध उदाहरणे घेऊ.

वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत काही प्रयोग सुरू केले. लहान मुलासमोर मार्शमेलोसारखा खाऊ ठेवायचा आणि सांगायचे, ‘मी परत येईपर्यंत थांबलास तर दुप्पट मिळेल.’ पुढे १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की, अधिक वेळ थांबलेली मुले मोठेपणी प्रवेशपरीक्षेत अधिक गुण मिळवीत होती. मग हा प्रयोग असंख्य पुस्तकांत शिरला आणि चार वर्षांच्या वयात भविष्य कळते, अशी समजूत रूढ झाली.

परीक्षकाने येथे थांबून मोजणी करावी. परीक्षेतील गुणांविषयीचा तो गाजलेला संबंध ज्या गटात आढळला, त्यात चाळीस मुलेदेखील नव्हती. बालवाडी विद्यापीठाच्या आवारातली. त्यामुळे बरीच मुले तेथील प्राध्यापकांची आणि संशोधक विद्यार्थ्यांची. संख्या लहान असल्याने सावध राहावे, असे मूळ संशोधकांनीच नमूद केले होते. लोकप्रिय पुस्तकांच्या प्रवासात ती सावधगिरी मागे पडली. २०१८मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी ९००हून अधिक मुलांची माहिती तपासली. ज्यांच्या माता पदवीपर्यंत शिकलेल्या नव्हत्या, अशा मुलांत थांबण्याचा आणि पंधराव्या वर्षीच्या शैक्षणिक प्रगतीचा संबंध मूळच्या निम्माच निघाला. घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची बौद्धिक वाढ जमेस धरल्यावर त्यातलाही सुमारे दोन तृतीयांश भाग गळून पडला. संयमाला किंमत नाही, असा याचा अर्थ नव्हे. मुलाचा संयम म्हणून जे मोजले जात होते, त्यात त्याच्या घराचाही मोठा वाटा होता, एवढाच अर्थ.

दुसरे उदाहरण दहा हजार तासांचे. माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८च्या ‘आउटलायर्स’ या पुस्तकाने हा आकडा जगभर पोहोचवला. त्याचे मूळ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९३च्या, बर्लिनमधील व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवरील अभ्यासात आहे. दहा हजार तास ही त्यातील सर्वोत्तम गटाची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती. त्या गटातील निम्म्या विद्यार्थ्यांचा सराव तेवढा झालेलाही नव्हता, असे एरिक्सन यांनी पुढे स्वतः स्पष्ट केले. शिवाय त्यांचा भर तासांच्या बेरजेपेक्षा, चुका हेरून गुरूच्या देखरेखीखाली केलेल्या सरावावर होता. ज्यांनी गुरूपुढे बसून तबला किंवा पेटी शिकली आहे, त्यांना हा फरक वेगळा सांगायला नको. सरासरीचा नियम झाला आणि अनेक घरांत मुलांच्या छंदांना घड्याळ लागले.

आणखी एक प्रश्न विचारावा: अभ्यासलेली माणसे कोण होती? हेनरिक, हाइने आणि नोरेंझायन यांनी २०१०मध्ये याकडे लक्ष वेधले. मानसशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकांतील अभ्यासांत ९६ टक्के व्यक्ती पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील होत्या. त्या देशांत जगाची लोकसंख्या अवघी १२ टक्के. आपली मुले घरात आणि वर्गात मराठी, गल्लीत या प्रांताची भाषा आणि पुढे कचेरीत इंग्रजी बोलत वाढतात. आजी-आजोबा, मावशी, शेजारी सारे त्यांच्या संगोपनात भाग घेतात. त्यांच्याविषयीचा निष्कर्ष दूरच्या एका बालवाडीतून जसाच्या तसा उचलता येणार नाही.

मग ही पुस्तके वाचूच नयेत काय? अवश्य वाचावीत, त्यांनी सामान्य वाचकाला विज्ञानाच्या दाराशी आणले आहे. आणि आदर्शही त्यांच्याच लेखकांत सापडतो. नोबेल पारितोषिक विजेते डॅनियल कानेमान यांनी २०११च्या ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ या ग्रंथात नकळत मनावर होणाऱ्या सूचनांच्या परिणामांविषयी काही प्रयोग मोठ्या विश्वासाने मांडले होते. ते डळमळीत ठरू लागल्यावर, लहान संख्येच्या अभ्यासांवर आपण अवाजवी भरवसा ठेवला, असे त्यांनी २०१७मध्ये जाहीरपणे मान्य केले. विशेष हे की, लहान संख्येवर विसंबण्याच्या याच मोहाविषयी त्यांनी आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७१मध्येच निबंध लिहिला होता. ज्याने खड्डा दाखवला, त्याचाही पाय त्यात गेला. आणि त्याने ते लपवले नाही. पुस्तकाची पत ठरवताना परीक्षकाने लेखकाच्या या वृत्तीलाही गुण द्यावेत.

शेवटी पुन्हा त्या खाऊकडे वळतो. सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २८ बालकांवर एक प्रयोग केला. निम्म्या मुलांना आधी चांगले रंग आणून देण्याचे वचन देऊन ते पाळले; उरलेल्यांना दिलेले वचन मोडले. त्यानंतर खाऊ समोर ठेवला. ज्यांच्याशी शब्द पाळला गेला, ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांच्याशी मोडला गेला, ती तीन मिनिटे. हाही अभ्यास लहानच आहे. आताच सांगितलेली कसोटी त्यालाही लागू. परंतु तो आपल्याला एक नवा प्रश्न देतो. मूल थांबले नाही, तर त्याच्यात काय उणे आहे, हे विचारण्याआधी, त्याला दिलेले शब्द आपण मोठ्यांनी किती पाळले, हे विचारावे.

म्हणून पालकहो, एखादे पुस्तक वाचून मुलावर ‘अधीर’, ‘कच्चा’, ‘मनोबल नसलेला’ असे शिक्के मारण्याआधी तीन गोष्टी पाहा: किती जण तपासले, कोण तपासले, आणि पुन्हा तपासल्यावर काय उरले. साठ वर्षे या शाळेने परप्रांतात मराठी मुलांना त्यांच्याच भाषेत प्रश्न विचारायला शिकवले. तोच प्रश्न आपण छापील पानालाही विचारावा, अशी विनंती करून आणि शाळेच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा देऊन मी आपली रजा घेतो.