तांब्याची मध्यम पकड

पाणी तापविण्याच्या बंबामुळें तांबें जुन्या मराठी घरांस सुपरिचित आहे. त्याचा एक रासायनिक गुण मात्र फारसा कोणास ठाऊक नाहीं.

जपानांतील चिबा विद्यापीठाचे योशिओ होरी व त्यांचे सहकारी यांनीं १९८५ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. क्षाराच्या पाण्यांत कार्बन डायॉक्साइड विरघळवावयाचा, धातूचा पत्रा ऋणाग्र म्हणून बुडवावयाचा आणि वीज सोडावयाची. सोनें व चांदी यांवर कार्बन मोनॉक्साइड निघाला. कथील व शिसें यांवर फॉर्मिक आम्लाचा क्षार. लोखंड व निकेल यांवर बहुतांशीं हायड्रोजन. तांब्यावर मात्र मिथेन हा जळाऊ वायु मिळाला. पुढें एथिलीन व अल्कोहोलहि हातीं आलें. एथिलीन म्हणजे प्लॅस्टिकचें एक मूळ द्रव्य.

हें कां घडावें? प्रथम तयार होणारा मोनॉक्साइड सोनें तत्काळ सोडून देतें. निकेल त्यास इतकें घट्ट धरतें कीं, पुढील क्रियाच खुंटते. तांब्याची पकड मध्यम. त्यामुळें शेजारचे दोन कर्बाणु एकमेकांस जोडले जाण्यास अवसर मिळतो.

परंतु हा गुणच दोषहि होय. अमेरिकेंतील स्टॅन्फर्ड विद्यापीठांत २०१२ सालीं तांब्याच्या पत्र्यावर तब्बल १६ पदार्थ आढळले. ते वेगळे करण्यांतच खर्च वाढतो. म्हणून पृष्ठभागाची घडण बदलून हवा तोच पदार्थ मिळविण्याची खटपट चालू आहे. शिवाय वीज कोळशाची असेल, तर धूर निस्तरण्यासाठीं अधिक धूर केल्यासारखें होईल. ती सूर्यापासून वा वाऱ्यापासून मिळाली, तरच तांब्याचे हे श्रम सार्थकीं लागतील.