दोन दारांमधले अंतर



रायपूर शहराच्या उत्तरेस उरला नावाची औद्योगिक वसाहत आहे. तेथील कारखान्यांतून उमेदीची वर्षे घालविलेल्या एका कामगाराची आपण कल्पना करू. नागपूरकडून पोटासाठी तो तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. आता पत्नी निवर्तली आहे, मुलगा दूरदेशी नोकरीस आहे आणि आपल्या कथानायकाचा मुक्काम शहरातील एका वृद्धाश्रमात आहे.

एके रात्री न्हाणीघरात पाय घसरून तो पडतो व खुब्याचे हाड मोडते. रुग्णालयात शस्त्रक्रिया उत्तम होते. काही दिवसांनी त्याला आश्रमात परत आणतात. सोबत औषधांची चिठ्ठी असते. परंतु मधुमेहाची जुनी गोळी चालू ठेवावयाची की नाही, मोडलेल्या पायावर भार केव्हा द्यावयाचा, हे तीत लिहिलेले नसते. आश्रमातील परिचारिका भिऊन त्याला निजवूनच ठेवते. थोड्याच दिवसांत पाठीला व्रण पडतात, ताप भरतो आणि त्याला पुन्हा रुग्णालयात न्यावे लागते. डॉक्टरांनी आपले काम चोख केले, आश्रमाने माया केली. तरीही माणूस खचला. मग दोष कोणाचा? तो त्या दोन दारांमधील अंतराचा आहे.

हे अंतर आपल्याकडे पूर्वापार चालत आले आहे. पुण्याचे ससून रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभे राहिले, त्या डेव्हिड ससून यांचेच नाव नव्या पेठेतील 'निवारा' या वृद्धाश्रमालाही आहे. आजाऱ्यांची शुश्रूषा आणि निराधारांचा सांभाळ, ही दोन्ही कामे एकाच औदार्याच्या पोटी जन्मली. परंतु घरे निराळी झाली. एका घरी रोग पाहावयाचा, दुसऱ्या घरी माणूस! वार्धक्यात मात्र रोग आणि माणूस यांची अशी फारकत करता येत नाही.

२००७ साली आपल्या देशात ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा झाला. त्याच्या एकोणिसाव्या कलमात वृद्धाश्रमांची, तर विसाव्या कलमात सरकारी रुग्णालयांतील खाटांची व निराळ्या रांगांची तरतूद आहे. पुढे वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला आणि जिल्हा रुग्णालयांत वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष असावा असे ठरले. कलमे शेजारीशेजारी आली. आता संस्थांनीही शेजारधर्म पाळावयास हवा.

तो कसा पाळावा, याचे एक साधे उदाहरण सांगतो. लंडनच्या दक्षिणेकडील सटन या भागात २०१५ साली लाल पिशवीची प्रथा सुरू झाली. शुश्रूषागृहातील वृद्धास रुग्णालयात न्यावयाचे झाले की त्याच्याबरोबर एक लाल पिशवी जाते. तीत त्याच्या प्रकृतीची माहिती, चालू औषधे, कपडे, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र अशा वस्तू असतात. तो परतताना तीच पिशवी रुग्णालयाच्या सूचनांसह परत येते. चष्मा आणि श्रवणयंत्र या वस्तू क्षुल्लक वाटतील. परंतु नीट दिसेनासे व ऐकू येईनासे झाले की परक्या खाटेवरील म्हातारा माणूस अधिकच भांबावतो आणि त्याला भ्रम झाला असे आपण म्हणतो.

रायपुरात ही गोष्ट अशक्य आहे काय? तेथे २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे, वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. लाल पिशवी न मिळाली तर खादीची चालेल! तीत एक चिठ्ठी मात्र हिंदीत व ठळक अक्षरांत असावी: कोणते औषध थांबले, कोणते वाढले, पायावर भार केव्हा द्यावा, कोणती लक्षणे दिसताच परत आणावे आणि शंका आल्यास कोणाला दूरध्वनी करावा. आश्रमानेही एक ओळ लिहून पाठवावी: 'हे गृहस्थ मराठी बोलतात, उजव्या कानाने ऐकतात, पडण्यापूर्वी काठी घेऊन अंगणात फिरत.' या शेवटच्या शब्दांचे मोल फार आहे. खाटेवर निपचित पडलेला हा मनुष्य कालपर्यंत चालत होता, हे ठाऊक असेल तर त्याला पुन्हा उभा करण्याची जिद्द डॉक्टरांनाही वाटेल.

शिवाय महिन्यातून एकदा रुग्णालयातील डॉक्टर आश्रमात यावेत आणि आश्रमातील परिचारिकांनी रुग्णालयात जाऊन रुग्णाला कूस कशी पालटावी, आधार देऊन कसे उठवावे, हे शिकून घ्यावे. याला नव्या इमारती लागत नाहीत. एकमेकांची नावे ठाऊक असावी लागतात.

आपल्या त्या कामगाराने जन्मभर पाळीचे काम केले. पाळी बदलताना यंत्राची अवस्था पुढच्या माणसाला सांगितल्यावाचून जागा सोडू नये, ही शिस्त त्याने अंगी बाणविली होती. यंत्राला आपण जेवढे जपतो, तेवढे त्या यंत्रावर राबून थकलेल्या माणसाला जपावे, एवढेच मागणे आहे.