वळणावरची गाडी

श्रोतेहो, आपल्या नागपूरचे रस्ते तसे सरळ. पण परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढू लागलं, की गाडीचा स्वभाव कळतो. इंजिनाची ताकद कोणत्या चाकांना मिळते, यावर तो बराचसा ठरतो.

मुंबईत कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत ती ताकद मागच्या चाकांना मिळे. पुढची चाकं वळायची, मागची ढकलायची. पावसात, ऐन वळणात ॲक्सिलरेटर जोरात दाबला, की मागची चाकं घसरत आणि गाडीची शेपटी बाहेर फिरे. आमचे मामू म्हणत, "घाटात हिला मागून सांभाळावं लागतं."

१९८३ साली मारुती ८०० आली. तिची पुढचीच चाकं गाडी ओढायची आणि वळवायचीही. टायरची पकड घरच्या पगारासारखी असते. ओढण्यात जास्त खर्च झाली, तर वळण्याला उरत नाही. मग स्टिअरिंग फिरवूनही गाडी बाहेरच्या कडेकडे सरकते. आजच्या बहुतेक लहान गाड्या याच जातीच्या.

अशी गाडी बाहेर जाऊ लागली, तर स्टिअरिंग आणखी पिळू नका. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच सैल करा. भार पुढच्या चाकांवर येतो, पकड परतते. मागच्या चाकांच्या गाडीची शेपटी फिरली, तर ती जाते त्याच बाजूला स्टिअरिंग वळवा. घाबरून ब्रेक दाबू नका.

आणि गाडी कोणतीही असो, वेग वळणाआधी कमी करा, वळणात नव्हे. दरीच्या बाजूला दर वेळी कठडा असतोच असं नाही.