मुंबईच्या चुलीतला गॅस कोणाच्या मालकीचा?

(मुंबईतील एका नागरी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



व्याख्यानमालेत इतिहास म्हटला की आपल्याला गडकोट आठवतात, लढाया आठवतात. ते योग्यच आहे. पण शहराला जमाखर्चाचाही इतिहास असतो आणि तो सहसा कोणी सांगत नाही. आपल्या घरी सकाळी चहाचे आधण ज्या निळ्या ज्योतीवर चढते, तो गॅस आला कोठून, तो आणणाऱ्या कंपनीचा मालक कोण आणि त्या मालकीत या शहराचा वाटा किती, हा आजचा विषय आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी दर दोन महिन्यांनी गॅसचे देयक येते. आपण रक्कम पाहतो, भरतो आणि कागद खणात टाकतो. त्या कागदामागे सुमारे एकशे नव्वद वर्षांची हकिकत आहे.

तिचा आरंभ एका मुंबईकरानेच केला, हे आवर्जून सांगितले पाहिजे. जहाजे बांधणाऱ्या वाडिया घराण्यातील आर्देशीर कर्सेटजी यांनी १८३४ साली माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले. कोणा गोऱ्या अभियंत्याने येऊन ते बसवून दिले नव्हते. वाफेच्या यंत्रांचा स्वतः अभ्यास करणाऱ्या या माणसाने हा उद्योग हौसेने व स्वतःच्या खर्चाने केला. पुढे १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय. म्हणजे विद्या येथे होती, हिंमत होती आणि मुंबईच्या पेढ्यांत पैसाही होता. तरीही शहराला गॅस पुरविण्याचा धंदा उभा राहिला तो इंग्लंडमध्ये नोंदलेल्या कंपनीच्या नावाने. तिचे नाव बॉम्बे गॅस कंपनी.

१८६५ हे साल मुंबईच्या इतिहासात विलक्षण आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि जुलै महिन्यात समभागांचा फुगा फुटून कालपर्यंतचे लक्षाधीश रस्त्यावर आले. त्याच वर्षी आर्थर क्रॉफर्ड शहराचे पालिका आयुक्त झाले. आणि अशा पडझडीच्या हंगामात, ऑक्टोबरमध्ये, मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे प्रथम पेटले. दिवे लावणारा माणूस एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे जाई आणि त्याच्या मागून बघ्यांचा थवा चाले, असे वर्णन जुन्या नोंदींत सापडते. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचें वर्णन’ दोनच वर्षे आधी, १८६३ साली, प्रसिद्ध झाले होते. त्यामुळे ही रोषणाई त्यांच्या पुस्तकात येऊ शकली नाही, याची मला नेहमी हळहळ वाटते.

हा गॅस आजच्यासारखा भूगर्भातून आलेला नव्हता. बंद भट्टीत दगडी कोळसा तापवायचा, त्यातून निघणारा वायू धुऊन स्वच्छ करायचा, लोखंडाच्या अवाढव्य टाक्यांत साठवायचा आणि बिडाच्या नळांतून गावभर पाठवायचा, अशी ती रीत. त्यात कार्बन मोनॉक्साइड असे, म्हणून गळती झाली तर स्फोटाची भीती असेच, शिवाय माणूस गुदमरून मरण्याचीही. भट्टीपुढे उभे राहून कोळसा ढकलणारा, रस्ता खणून नळ सांधणारा, खांबावर चढून दिवा पेटवणारा कामगार येथला होता. लालबागेत ‘गॅस कंपनी लेन’ हे नाव अजून आहे. कंपनी गेली, गल्ली राहिली. त्या कामगारांचा साप्ताहिक सुट्टीच्या वेतनाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६३ साली त्याचा निकाल लागला आणि हक्काची रक्कम मागायला उशीर झाला एवढ्यावरून ती बुडत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. आजही कामगार न्यायालयांत त्या निकालाचा दाखला दिला जातो. मुंबईच्या गॅस कंपनीची कायद्याच्या पुस्तकातील कायमची खूण कोणती, तर ही.

आता जरा राज्यकर्त्यांच्या घरात डोकावू. मुंबईत दिवे लागून दहा वर्षे होतात न होतात तोच, १८७५ साली, इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराने जोसेफ चेंबरलेन महापौर असताना गावातील दोन्ही गॅस कंपन्या विकत घेतल्या. गॅस खासगी राहिला तर नफा भागधारकांना जाईल, पालिकेचा झाला तर गावाला मिळेल, असा त्यांचा रोकडा हिशेब होता. तो खरा ठरला. त्या शहराचे प्रसिद्ध कलासंग्रहालय पालिकेच्या गॅस विभागाच्या कचेरीच्या माथ्यावर बांधले आहे. जे शहाणपण बर्मिंगहॅमला चालले ते मुंबईला कोण सुचवणार? येथला गॅस आणि त्याचा नफा दोन्ही इंग्लंडमधील कंपनीच्या खाती जमा होत राहिले.

मुंबईकरांना पुढेही ते सुचले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९०५ साली स्थापन झालेली वीज आणि ट्रामची कंपनी मुंबई महापालिकेने ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना, आपल्या ताब्यात घेतली. तीच आपली बेस्ट. गॅसचे दिवे तोवर विजेपुढे मागे पडले होते आणि मावळत्या धंद्यावर पैसा घालण्यात पालिकेला अर्थ वाटला नसावा. त्या वेळच्या दृष्टीने ते चूक म्हणवत नाही. परंतु त्याचा परिणाम असा की, वीज नगराच्या मालकीची झाली आणि गॅस तसा कधीच झाला नाही. कोळशाच्या गॅसचा व्यवसाय हळूहळू आटत गेला आणि अखेर बंद पडला.

येथे कोणी म्हणेल, सरकारने ताब्यात घेतले असते तर सारे ठीक झाले असते. मग कलकत्त्याचे काय झाले ते पाहावे. तेथली ओरिएंटल गॅस कंपनी १८५३ सालची. तिने १८५७ मध्ये त्या शहराचे रस्ते उजळले. १९४६ साली सूरजमल नागरमल या मारवाडी पेढीने तिचे जवळजवळ सर्व समभाग विकत घेतले. मालक स्वदेशी झाला. १९६० साली बंगाल सरकारने कायदा करून कारभार आपल्याकडे घेतला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. १९८७ पासून तेथे राज्य सरकारचे महामंडळ आहे. इंग्रज मालक झाला, देशी सावकार झाला, सरकार झाले. तरीही कलकत्त्याच्या सामान्य गृहिणीच्या स्वयंपाकघरात नळाचा गॅस पोहोचला नाही. नैसर्गिक वायू घरोघर नेण्यासाठी २०१९ साली गेलसमवेत नवी कंपनी काढावी लागली. मालकाच्या नावाची पाटी बदलण्याने भागत नाही, हे आपल्यासारख्या स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनी तरी मोकळेपणाने मान्य करावे.

मुंबईचा दुसरा अध्याय समुद्रात सुरू झाला. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या जहाजावरून किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर तेल सापडले आणि १९७६ पासून मुंबई हायचे उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर वायूही आला. तो वाहून नेण्याची पुरेशी सोय नव्हती म्हणून त्यातला बराचसा कित्येक वर्षे समुद्रावरच जाळून टाकावा लागला. त्या काळी मुंबईची माउली रॉकेलच्या रांगेत उभी होती आणि सिलिंडरसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहत होती. १९८४ साली स्थापन झालेल्या गेलने हजिऱ्याहून उत्तरेला लांबच लांब वाहिनी टाकली. गॅस उत्तर प्रदेशातील खत कारखान्यांपर्यंत गेला. मुंबईच्या घरांची पाळी मात्र त्यानंतर आली.

ती आली १९९५ साली. ८ मे १९९५ रोजी महानगर गॅस लिमिटेड ही कंपनी नोंदवली गेली. भागीदार गेल आणि ब्रिटिश गॅस; सोबत महाराष्ट्र शासनाचा लहानसा हिस्सा. आठवून पाहा, त्याच वर्षी एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पावरून महाराष्ट्र पेटला होता. ऑगस्टमध्ये राज्य सरकारने तो करार रद्द केला, नंतर फेरवाटाघाटी झाल्या, १९९९ मध्ये वीज आली आणि २००१ साली प्रकल्प ठप्प झाला. त्या गदारोळात, मुंबईच्या स्वयंपाकघरात एक परदेशी कंपनी समसमान भागीदार म्हणून येत आहे, याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. न्यायाने बोलायचे तर ही भागीदारी दाभोळसारखी बुडाली नाही. नळ टाकण्याचे तंत्र आले, सुरक्षेची शिस्त आली. मुंबईच्या हवेतील धुरासंबंधीच्या जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने २००१ पासून दिलेल्या आदेशांमुळे टॅक्सी सीएनजीकडे वळल्या, त्यामागेही याच वाहिन्या होत्या. आज वीस लाखांहून अधिक घरांत हा गॅस जळतो. हे यश नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

प्रश्न आहे तो मालकीच्या प्रवासाचा. ब्रिटिश गॅस ही मुळात ब्रिटनची सरकारी संस्था. १९८६ साली तिचे समभाग जनतेला विकले गेले. १९९७ मध्ये तिचे तुकडे झाले आणि आपल्या कंपनीतील वाटा बीजी नावाच्या तुकड्याकडे राहिला. फेब्रुवारी २०१६ मध्ये बीजी शेलने गिळली. म्हणजे लंडनमध्ये आणि हेगमध्ये सह्या झाल्या आणि मुंबईच्या गॅस कंपनीच्या मोठ्या हिश्श्याचा धनी बदलला. मुंबईकराला कोणी विचारले नाही, विचारण्याची तरतूदही नव्हती. त्याच वर्षी जून महिन्यात महानगर गॅसचे समभाग ४२१ रुपये दराने जनतेला देऊ केले गेले. अर्जांचा पाऊस पडला, उपलब्ध समभागांच्या साठपटीहून अधिक मागणी आली. परंतु ही विक्री गेल आणि बीजी या दोघांनी आपापल्या वाट्यातून केली होती. जमलेले सुमारे एक हजार चाळीस कोटी रुपये त्यांच्याकडे गेले, एकही नवा नळ त्यातून पडला नाही. विक्रीनंतर दोघांचे साडेबत्तीस-साडेबत्तीस टक्के उरले, महाराष्ट्र शासनाचे दहा, बाकी पंचवीस बाजाराचे. शेलने पुढे २०१८ पासून आपला वाटा टप्प्याटप्प्याने विकला आणि २०१९ मध्ये ती पूर्ण बाहेर पडली. आता प्रवर्तक म्हणून एकटी गेल आहे.

या सगळ्या हिशेबात मुंबई महापालिकेचा वाटा किती? शून्य. रस्ते तिचे, पदपथ तिचे, खणलेला खड्डा बुजवून डांबर टाकण्याची जबाबदारी शेवटी तिच्याच गळ्यात पडते. तिला मिळते ते रस्ते खणण्याचे शुल्क. बडोद्याने वेगळा मार्ग धरला. तेथील महापालिकेने आपला गॅस प्रकल्प स्वतः चालवला होता आणि २०१३ साली गेलबरोबर कंपनी काढली तेव्हा निम्मा हिस्सा स्वतःकडे ठेवला. सयाजीरावांच्या नगराला जे जमले ते मुंबईला का जमू नये?

राज्य सरकारही याबाबत फार काही करू शकत नाही, हे समजून घ्यावे. राज्यघटनेच्या राज्यसूचीत ‘गॅस आणि गॅस कारखाने’ असा विषय आहे. त्याच आधारावर बंगालचा कायदा टिकला होता. गुजरातने २००१ साली स्वतःचा गॅस कायदा केला तेव्हा प्रश्न पुन्हा न्यायालयात गेला. २००४ साली घटनापीठाने सांगितले की नैसर्गिक वायू हा केंद्राचा विषय आहे, राज्यसूचीतील गॅस म्हणजे कारखान्यात तयार केलेला. २००६ च्या कायद्याने केंद्रीय नियामक मंडळ आले. ते एका क्षेत्रात गॅसवाहिन्या टाकण्याचा अधिकार कोणाला हे ठरवते. पण २०१५ साली दिल्लीच्या गॅस कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ग्राहकाला लावायची किंमत ठरविण्याचा अधिकार मंडळाला नाही. विजेचा दर वाढायचा तर नियामक आयोगापुढे जाहीर सुनावणी होते. आपल्यातले कार्यकर्ते तेथे आकडे घेऊन उभे राहतात आणि कंपन्यांना उत्तरे द्यावी लागतात. गॅसचा दर मात्र एका पत्रकाने बदलतो. ज्या घराची वाहिनी एकाच कंपनीची आहे, त्या घराला दुसऱ्या दुकानात जाण्याची मुभा नसते. तेथे ग्राहकाला किमान प्रश्न विचारण्याची जागा हवी.

त्या दृष्टीने आपल्या हाती काही गोष्टी आहेत. राज्याचे दहा टक्के म्हणजे तुमचे-आमचे दहा टक्के आहेत. त्यावर दरवर्षी किती लाभांश मिळाला आणि संचालक मंडळावरील शासनाच्या प्रतिनिधीने मुंबईकरांच्या वतीने काय मांडले, हे आपल्या आमदाराने विधिमंडळात विचारावे. २०१६ साली ज्यांनी उत्साहाने अर्ज भरले आणि ज्यांच्याकडे अजून दहा-वीस समभाग आहेत, त्यांनी वार्षिक सभेची सूचना केराच्या टोपलीत टाकू नये. भागधारकाला तेथे प्रश्न विचारता येतो. २०२४ च्या प्रारंभी कंपनीने दुसरी एक कंपनी विकत घेऊन रत्नागिरी, लातूर, धाराशिवपासून कर्नाटकातील चित्रदुर्गापर्यंत हातपाय पसरले आहेत. त्याच वर्षीच्या शेवटी केंद्राने सीएनजीसाठीच्या स्वस्त देशी वायूच्या वाटपात कपात केली. नव्या गावांचा खर्च आणि महागड्या वायूचा भार जुन्या मुंबईच्या देयकावर किती येणार, हा प्रश्न सभेत लेखी द्यावा, तोंडी नव्हे. लेखी प्रश्नाचे उत्तर टाळणे अवघड जाते.

आणि महापालिकेत जे बसतील त्यांना आपण एवढेच विचारू या, की पुढचा रस्ता खणण्याची परवानगी देताना शुल्काच्या पावतीसोबत थोडी भागीदारी मागण्याचा ठराव कोण मांडणार आहे?